तूरियाचं नाक आणि मिसूरची माती

फेस शहरातल्या विद्यापीठात रसायनशास्त्राच्या इमारतीच्या गच्चीवर एक लोखंडी कपाट उभं होतं. त्याला सगळे 'फर्रान' म्हणायचे, म्हणजे गल्लीतल्या पाववाल्याची भट्टी. बायका कणकेचे गोळे फळीवर मांडून भट्टीत पाठवतात आणि भाजून परत आणतात, तशाच या कपाटातही जाळीच्या ताटल्या आत जायच्या, तापायच्या, निवायच्या, म्हणून ते नाव पडलं. ताटल्यांत मात्र पाव नव्हता, माती होती. मिसूरच्या खाणीतली तपकिरी गसूल, हम्माममध्ये न्हाताना बायका केसांना चोळतात तीच. तिचे ज्वारीएवढे दाणे करून अमाइन नावाच्या चिकट रसायनात मुरवलेले असायचे. पंखा सुरू केला की गच्चीवरची हवा त्या दाण्यांमधून वाहायची आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दाण्यांना चिकटून बसायचा. मग दार लावून घ्यायचं आणि दाणे तापवायचे. धग लागली की दाणे पकडलेला वायू सोडून द्यायचे आणि तो नळीवाटे टाकीत जायचा. दाणे निवले की दार उघडून पुन्हा हवा घ्यायची. दिवसभर हेच चालायचं.

हवेतून हा वायू काढून घेता येतो, हे जगाला केव्हाच ठाऊक होतं. खरी मेख होती ती दाण्यांच्या टिकण्यात. हजार वेळा तापून-निवून जो पदार्थ थकत नाही, तोच खरा. बाहेरच्या देशांत त्यासाठी महागामोलाचे पदार्थ घडवले जात होते. डॉक्टर तूरिया झम्मूरीचा हट्ट असा, की हे आपल्या पायाखालच्या मातीतून व्हायला हवं. फेसमधली न्हाणारी कुठलीही बाई जी माती ओंजळीने उचलते, तिच्यातून. या हट्टापायी तिने लग्नाचं वय घालवलं असं तिच्या मावश्या म्हणायच्या. तूरिया म्हणायची, "वय जायचं तसं गेलंच असतं, निदान माती तरी हाती लागली."

तिचं नाक सगळ्या विद्यापीठात प्रसिद्ध होतं. एखाद्या बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली की मुलं ती बाटली घेऊन तिच्याकडे यायची. ती बूच काढायची, बाटलीच्या तोंडावरून हाताने अलगद वारा घ्यायची आणि आतल्या रसायनाचं नाव सांगून टाकायची. "आधी नाक, मग यंत्र," हे ती पहिल्याच तासाला शिकवायची. प्रयोगशाळेच्या दारावर तिने स्वतः पाटी लावली होती: सर्दी झालेल्याने आत एकट्याने काम करू नये.

दोन हिवाळ्यांपूर्वी तिला ताप आला. काही दिवसांनी ताप उतरला, पण जाताना तिचा वास घेऊन गेला. आधी तिला वाटलं, येईल परत. सकाळी उठून ती पुदिन्याची पानं चुरगळून नाकाशी धरायची, लसूण ठेचून बघायची, जिऱ्याच्या डब्यात तोंड घालायची. काहीही नाही. फेसमध्ये ओळखीचे डॉक्टर नकोत म्हणून ती राजधानीत, रबातला जाऊन तपासून आली. तिथल्या डॉक्टरने नस दुखावल्याचं सांगितलं. "परत येईलही, नाहीही येणार. घाई करून उपयोग नाही."

तिने हे कुणालाच सांगितलं नाही. उद्या सांगू, मुलांची परीक्षा झाल्यावर सांगू, असं करता करता सांगायची वेळ निघून गेली. आणि मग इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं. तिला माणसांची भीती नव्हती, त्या दारावरच्या पाटीची होती. जिचं नाक गेलंय तिला वायूंच्या खोलीत एकटं कोण सोडणार? आणि ज्या नाकावर इतकी वर्षं मिरवली, ते गेलं म्हटल्यावर मागे उरलं काय?

मार्च सरता सरता नारिंगाला बहर आला. तिची आई लल्ला केन्झा दरवर्षी या दिवसांत तांब्याची भट्टी मांडून फुलांचं पाणी उतरवायची. नळीतून थेंब थेंब पाणी पडायला लागलं की तूरियाने शेजारी बसायचं आणि पाण्यात वाफेचा उग्रपणा उतरायला लागला की "यम्मा, थांबव" म्हणायचं, ही लहानपणापासूनची वाटणी. त्या वर्षीही ती बसली. चोरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली आणि अंदाजाने म्हणाली, "थांबव."

लल्ला केन्झाने भट्टी खाली उतरवली. दुसऱ्या दिवशी तिने एक बाटली लेकीच्या हातात दिली. "बघ गं, यंदा कसं उतरलंय?"

तूरियाने बाटली नाकाशी नेली. "छान. गेल्या वर्षीपेक्षा गोड आहे."

"बरं," आई म्हणाली आणि बाटली घेऊन आत गेली.

मे महिन्यात शर्गी सुटला. वाळवंटाकडून येणारा हा वारा आला की माणसं खिडक्या लावून बसतात, पण गच्चीवरचं फर्रान बंद ठेवून चालणार नव्हतं. महिनाअखेरीला रबातहून निधीवाली मंडळी येणार होती. त्यांना पटलं तर मिसूरला खाणीशेजारीच अशी तीन मोठी यंत्रं उभी राहणार होती. आणि नेमके याच दिवसांत आकडे उतरायला लागले. आत जाणाऱ्या हवेतला आणि बाहेर येणाऱ्या हवेतला वायू यांतला फरक दर आठवड्याला कमी होत होता. दाणे पहिल्यासारखे धरत नव्हते.

"धूळ," तूरिया म्हणाली. "शर्गीने दाण्यांवर थर बसलाय. गाळण्या धुऊन घे."

"धुतल्या, उस्तादा," शुऐब म्हणाला.

"मग पुन्हा धू."

शुऐब बूद्रा हा उज्दा शहराचा. तिच्याच हाताखाली शिकून डॉक्टर झालेला, जिभेने तिखट, कामाला वाघ. सकाळी आल्याबरोबर "फर्रानवाल्या बाई, आज किती पाव?" असं तिला विचारायची त्याची तऱ्हा होती, आणि तीही "तुझ्या वाट्याचा करपलाय" म्हणून परतफेड करायची. पण शर्गी सुटल्यापासून तो गप्प गप्प होता.

शर्गीच्या पहिल्याच दिवसांत एका दुपारी दाणे तापवून झाल्यावर त्याने फर्रानचं दार उघडलं आणि तो तसाच थबकला. आतून गरम झोत आला. त्यात अमोनियाचा वास होता, शिळ्या मासळीच्या आडून येतो तसा. डोळ्यांना झोंबण्याइतका नव्हता, पण धडधाकट नाकाला चुकवता येईल असाही नव्हता. अमोनियाचा वास म्हणजे अमाइन कुजत चाललंय, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. त्याने वळून तूरियाकडे पाहिलं. ती पुढे झाली, नेहमीसारखं दारात डोकं घातलं, एक लांब श्वास घेतला आणि बाहेर येऊन म्हणाली, "ठीक आहे. बंद कर."

"ठीक आहे?"

"का? तुला काही वेगळं दिसतंय?"

"दिसत तर काही नाही," शुऐब म्हणाला आणि दार लावलं.

हे असं रोज घडलं. तो दार उघडायचा, ती डोकं घालायची आणि "ठीक आहे" म्हणायची. त्याच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. उस्तादाला वास येत नाही, ही शंका त्याला शिवलीही नाही. सूर्य उगवला नसेल असं कुणाच्या मनात येतं का? त्याला वाटलं, ती जाणूनबुजून लपवतेय. रबातची मंडळी येऊन जाईपर्यंत.

मंडळी यायच्या दोन दिवस आधी तो अहवालाचा मसुदा घेऊन तिच्या खोलीत आला. ती चहा ओतत होती.

"बस. घे."

तो बसला नाही. "उस्तादा, इथे लिहिलंय, क्षमतेतली घट धुळीमुळे."

"हो. मग?"

"खाली दोघांचं नाव आहे. तुमचं आणि माझं."

"काम दोघांचं आहे, नाव दोघांचं असणार. सरळ बोल शुऐब, शब्द काय चघळतोस?"

"सरळच बोलतो. धूळ नाहीये. दाणे कुजतायत. शर्गी सुटल्यापासून रोज अमोनिया येतोय, आणि तुम्ही रोज दारात डोकं घालता. तुमच्या नाकाला तो कळला नाही असं मी बाहेर कुणाला सांगितलं, तर लोक मला वेड्यात काढतील."

तूरियाच्या हातातली किटली तशीच राहिली. अमोनिया. त्या क्षणी तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. 'मला वास येत नाही' म्हणायचं, नाहीतर खोटारडी व्हायचं. आणि माणूस किती विचित्र असतो बघा, तिने दुसरी वाट धरली.

"माहीत होतं मला," ती म्हणाली.

शुऐबचा चेहरा पडला. ती नाकबूल करील, भांडेल, हाकलून देईल, या सगळ्याची तयारी करून तो आला होता. याची नव्हती.

"मग माझं नाव काढा," तो हळूच म्हणाला. खिशातून गच्चीची किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली. "उज्दाला घरी तुमच्याबद्दल काय काय सांगत आलो होतो मी." आणि निघून गेला.

तूरिया किल्ली उचलून गच्चीवर गेली. फर्रानचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि छाती भरून श्वास घेतला. अमोनिया सोडाच, तापलेल्या लोखंडाचाही वास नव्हता. नुसती ऊब. शेवटी खाली जाऊन ती पहिल्या वर्षाच्या मुलांचे लिटमस कागद घेऊन आली. लाल कागद पाण्यात भिजवला आणि दाण्यांवर धरला. बघता बघता कागद कडेकडेने निळा झाला. तिने दुसरा धरला. तोही झाला. मग एकेका ताटलीवर कागद धरत ती खालपर्यंत गेली. भट्टीचं दार धरून ती खाली बसली. अब्रू-बिब्रू तेव्हा तिला आठवलीही नाही. तिला वाईट वाटलं ते दाण्यांचं. आजारी माणूस कण्हत होता आणि आपण उशाशी बसून ऐकलंच नाही, असं काहीसं.

घरी आली तेव्हा लल्ला केन्झा ओट्यावर वाटाणे सोलत होती. लेकीचा चेहरा बघून तिने टोपली बाजूला सारली.

"काय झालं?"

"काही नाही यम्मा. शुऐब काम सोडून गेला."

"का?"

"मी खोटं बोलले म्हणून."

"तू? कशाबद्दल?"

तूरियाने टोपलीतली एक शेंग उचलली. मग आईनेच विषय काढला. "बेन्ती, त्या दिवशी तुला हुंगायला दिली ना, त्या बाटलीत नळाचं पाणी होतं."

तूरियाने चमकून वर पाहिलं.

"बघतेस काय अशी? तू माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचं बंद केलंस, तेव्हाच मला शंका आली होती. या हिवाळ्यात एकदा मसुराची हरीरा खाली लागली होती. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, काय जळलं गं? आणि तू दोन वाट्या प्यायलीस. मी म्हटलं, एक तर पोरगी सुधारली, नाहीतर हिचं नाक गेलं. सुधारायचं तुझं वय नाही."

तूरियाला हसू आलं आणि त्या हसण्यातूनच रडू फुटलं. मग तिने सगळं सांगितलं. ताप, रबातचा डॉक्टर, दाणे, अमोनिया, शुऐबचं ते "माझं नाव काढा". आई ऐकत राहिली. नाकाचं ऐकताना तिने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला, पण शुऐबचं ऐकलं तसा तो हात थांबला.

"म्हणजे त्या पोराला तू असं वाटू दिलंस, की त्याची उस्तादा चोर आहे?"

"त्या वेळी मला ते सोपं वाटलं."

"तुला सोपं. आणि त्याला? तुझं नाक गेलं, ते देवाने नेलं. त्याचा विश्वास गेला, तो तू नेलास." तिने टोपली पुन्हा मांडीवर ओढली. "माझे म्हातारीचे दात गेले, गुडघे गेले. मी काय तोंड लपवून बसले? ऊठ, तोंड धू. वाटाणे मी सोलते. तुला तसंही किडका वाटाणा कळायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शुऐब स्टेशनासमोरच्या कॅफेत बसला होता. उज्दाच्या गाडीला अवकाश होता. पायाशी बॅग होती आणि पुढ्यातली कॉफी निवत चालली होती. तूरिया समोरची खुर्ची ओढून बसली, तेव्हा तो उठू लागला.

"बस. दोन वाक्यं ऐक आणि मग खुशाल जा. मला माहीत नव्हतं. मला वास येत नाही, दोन हिवाळे झाले."

शुऐबने तिच्याकडे पाहिलं, ही आणखी एक थाप आहे की काय अशा नजरेने. मग ती नजर हळूहळू बदलली. त्याला एकेक आठवू लागलं. हल्ली बाटल्या तिच्याकडे नेल्या की ती "तूच सांग बघू, शिकणार कधी?" म्हणायची. मुलांना वाटायचं, उस्तादा परीक्षा घेतेय.

"फेब्रुवारीत," तो सावकाश म्हणाला, "टोल्युइनची बाटली उघडी राहिली होती. मी जेवून आलो तर खोली भरलेली. माझं डोकं दिवसभर ठणकत होतं. आणि तुम्ही तिथेच बसून पेपर तपासत होता."

"हो."

"मी म्हटलं, काय बाई आहे, वाघीण, हिला काही होत नाही!" त्याचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने वळून बघितलं. "टोल्युइनच्या जागी दुसरं काही असतं तर? मी त्या खोलीत तुमच्या नाकाच्या भरवशावर वावरत होतो, उस्तादा! आम्ही सगळेच! चोर असतात तर परवडलं असतं. चोराशी माणूस सावध तरी राहतो."

तूरियाने मान खाली घातली. हे तिच्या मनात आलंच नव्हतं असं नाही. ते येताच ती दरवेळी दुसऱ्या कामाला लागायची. "तुझं खरं आहे," ती म्हणाली.

वेटर येऊन गेला. गाडीची घोषणा झाली. शुऐब बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला.

"खोटारडी म्हणवून घेणं तुम्हाला बरं वाटलं? 'वास येत नाही' म्हणण्यापेक्षा?"

"त्या क्षणी वाटलं."

"अजब बाई आहात तुम्ही."

"माझी आईही तेच म्हणते. जरा कडक शब्दांत."

तो हसला नाही, पण उठलाही नाही. थोड्या वेळाने त्याच्याच्याने राहवेना. "मग आता कशावरून म्हणता अमोनिया आहे? माझ्या सांगण्यावरून?"

"नाही. ओला लिटमस धरला. निळा झाला."

"किती वेळात?"

"लगेच."

"सगळ्या ताटल्यांवर?"

"खालच्या दोन नव्हत्या झाल्या. म्हणजे झाल्या, पण फार उशिरा." आणि बोलता बोलता ती थांबली. शुऐबही थांबला. खालच्या ताटल्यांत जुनी माती होती, गेल्या वर्षीची. वरच्या ताटल्या फेब्रुवारीत आलेल्या नव्या खेपेच्या होत्या. खाणवाल्यांनी तेव्हा दुसरीकडे खणायला घेतलं होतं आणि ती माती किंचित तांबूस होती. सुकल्यावर फरक कळत नव्हता म्हणून दोघांनीही मनावर घेतलं नव्हतं.

"लोह," शुऐब म्हणाला.

"लोह," तूरिया म्हणाली.

मातीत सुटं लोह असलं, की तापलेल्या अमाइनला हवेतला ऑक्सिजन भराभर खातो. हे दोघांनाही ठाऊक होतं. ते लक्षात यायला कागद निळा व्हावा लागला, एवढंच. उज्दाची गाडी सुटली. शुऐबने निवलेली कॉफी एका घोटात संपवली आणि तोंड वाकडं केलं.

रबातहून तिघं आले. त्यांच्या प्रमुख मादाम ताहिरी. उन्हाने हैराण झालेल्या, पण डोळे तल्लख. गच्चीवर छत्रीखाली खुर्च्या मांडल्या होत्या. तूरिया उभी राहिली आणि तिने प्रास्ताविक वगैरे काही केलं नाही.

"तुमच्यासाठी तयार केलेल्या अहवालात मी धुळीचं कारण लिहिलं होतं. ते चूक आहे. आमचे दाणे कुजतायत. कारण बहुतेक मातीतलं लोह आहे, पण अजून सिद्ध केलेलं नाही. हे वेळेवर कळलं नाही, कारण मला वास येत नाही आणि मी ते लपवलं. डॉक्टर बूद्रांना वास आला होता. चूक माझी आहे."

विभागप्रमुख खाली फरशीकडे बघायला लागले. पाहुण्यांपैकी एक गृहस्थ घाम पुसत म्हणाले, "मग आम्हाला एवढ्या उन्हात कशाला बोलावलंत?"

"बिघडलेलं दाखवायला, सीदी," शुऐब पटकन म्हणाला. "चांगलं चाललेलं तर कागदावरही दिसतं."

मादाम ताहिरी उठून फर्रानपाशी गेल्या. दार उघडायला लावलं, वास घेतला आणि नाकाला रुमाल लावला. "येतोय खरा," त्या म्हणाल्या. मग तूरियाकडे वळून जरा वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. "तीन यंत्रं तर आता विसरा. लोहाचं काय करता ते करा. उन्हाळा संपला की मी परत येईन. तेव्हा दाणे जिवंत असले तर बोलू. नसले तर चहा घेऊन जाईन."

विभागप्रमुखांनी त्याच संध्याकाळी तूरियाला बोलावून घेतलं. यापुढे वायूंच्या खोलीत एकटीने काम करायचं नाही, आणि या प्रकल्पाची सूत्रं डॉक्टर बूद्रांकडे राहतील. तिने निमूटपणे मान्य केलं. खाली येताना जिन्यात तिला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. उलट पाठीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची थोडी लाजही वाटली.

तो उन्हाळा त्यांनी माती धुण्यात घालवला. पहिल्यांदा आम्लात धुतली, तर लोहाबरोबर मातीच विरघळली. बादलीत नुसता लगदा उरला.

"तुमच्या आईची हरीरा," शुऐब म्हणाला.

"माझ्या आईच्या कानावर घालू का?"

"नको, नको. फेसमध्ये राहायचंय मला अजून."

मग तूरियाने लिंबूसत्त्वाचं सौम्य पाणी करून त्यात सोडा घालून आम्लपणा मारला. त्यात माती भिजत घातली की लोह निघायचं आणि माती तशीच राहायची. पाणी चहासारखं लाल होऊन उतरायचं. ते ओतून द्यायचं आणि नवं घालायचं. पाणी नितळ येईपर्यंत हाच खेळ. तापवण्याआधी कपाटातली हवा पंपाने ओढून घ्यायची, म्हणजे ऑक्सिजनच शिल्लक राहायचा नाही, ही युक्ती शुऐबची. त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणायची, पंपाला वरून आणखी वीज लागते, उद्या मिसूरला ती कुठून आणणार? तो म्हणायचा, आधी दाणे जगू देत, मग विजेचं बघू. या वेळी निर्णय त्याचा होता. तिने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी पंपाची गळती तिनेच शोधून काढली, साबणाच्या फेसाने.

फर्रानचं दार आता शुऐब उघडायचा आणि मोठ्याने सांगायचा, "नाही." तूरिया ओला कागद धरायची आणि म्हणायची, "नाही." दोघांचं जमलं तरच नोंद व्हायची. शर्गीचे दोन तडाखे येऊन गेले. ऑगस्टमध्ये एकदा तो म्हणाला, "आहे. थोडासा." कागद मात्र लालच राहिला. दोघांनी वाट पाहिली. संध्याकाळपर्यंत कागदाची कड निळसर झाली. "तुझं नाक माझ्या या कागदी नाकापेक्षा चांगलं निघालं," तूरिया म्हणाली, आणि हे म्हणताना आपल्याला काही टोचलं नाही याचं तिलाच नवल वाटलं.

तिचा वास काही परत आला नाही. प्रयोगशाळेत तिने स्वतःच मुलांना सांगून टाकलं. पहिला आठवडा मुलं तिच्याशी आजाऱ्याशी बोलावं तशी हळू आवाजात बोलत होती. नंतर विसरली.

ऑक्टोबरात मादाम ताहिरी ठरल्याप्रमाणे आल्या. दाणे जिवंत होते. पहिल्याइतके तरतरीत नव्हते. उन्हाळ्याने त्यांचीही थोडी ताकद खाल्ली होती, आणि तो आकडा शुऐबने त्यांच्यापुढे सगळ्यात आधी ठेवला. पण वसंतात जे एका शर्गीत कुजले होते, ते आता सगळा उन्हाळा काढून उभे होते. मादाम ताहिरींनी प्रश्न विचारून विचारून दोघांचा जीव नकोसा केला, चहाही घेतला, आणि तीनऐवजी एक यंत्र मंजूर केलं.

"एकच?" शुऐब म्हणाला.

"आधी एक जगवून दाखवा," मादाम म्हणाल्या.

हिवाळ्याच्या तोंडाशी ते यंत्र मिसूरला गेलं. खाणीच्या वरच्या अंगाला, उघड्या माळावर. शुऐब आठवडाभर तिथेच मुक्कामाला होता. तूरिया शनिवारी गाडीने निघाली तर लल्ला केन्झा बुरखा नीट करून आधीच पुढच्या सीटवर बसलेली.

"यम्मा, तिथे बोचरी थंडी आहे."

"मग हीटर लाव. माझ्या लेकीची आयुष्यभराची न्हायची माती कुठे जाते ते मला बघायचंय."

माळावर वारा भणाणत होता. लल्ला केन्झाने ताटलीतले चार दाणे तळहातावर घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. "हे केसांना लावलं तर?"

"टक्कल पडेल, खाल्ती," शुऐब म्हणाला.

"तुझ्या उस्तादाला लावून बघितलंस वाटतं." तिने दाणे परत ठेवले आणि हात झटकले. "बरं, करा सुरू. मला काही कळणार नाही, पण बघते."

शुऐबने पंखा सुरू केला. दोन काट्यांवर दोन आकडे होते, एक येणाऱ्या हवेचा, एक जाणाऱ्या हवेचा. थोडा वेळ दोन्ही काटे जोडीने उभे राहिले. मग जाणाऱ्या हवेचा काटा हलला आणि सावकाश खाली उतरू लागला. शुऐबने आकडा ओरडून सांगितला. वाऱ्यात तो कुणालाच नीट ऐकू आला नाही, म्हणून त्याने परत ओरडून सांगितला.

"इतक्यात नाचू नकोस," तूरिया म्हणाली. "एकदा तापून निघू देत."

"प्रमुख मी आहे."

"हो, तू आहेस. तरी एकदा तापून निघू देत."

तो कुरकुरत यंत्राशेजारी उकिडवा बसला. तूरिया त्याच्याजवळ बसली आणि वाऱ्याने कागद उडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून आकडे लिहून घेऊ लागली. लल्ला केन्झा गाडीत जाऊन बसली, काचेतून थोडा वेळ त्या दोघांकडे बघत राहिली, आणि मग तिने पाव आणि जैतून असलेली पिशवी उघडली.